प्रमुख पाहुणे नसलेली शाळा

महाराष्ट्रातल्या शाळेत नोकरी केलेल्या माणसाला समारंभ अंगवळणी पडलेला असतो. समईत तेल किती घालायचे, पाहुण्यांच्या हातून वात पटकन पेटावी म्हणून तिला कापूर कोणी चोळायचा, शाली कुठल्या कपाटात आहेत आणि त्या कपाटाची किल्ली कोणत्या शिपायाकडे, बुके द्यायचा की पुस्तक, पुस्तक द्यायचे तर ते पाहुण्यांनीच लिहिलेले तर नाही ना, हे काही बी.एड.ला शिकवत नाहीत. पण पहिल्या गॅदरिंगनंतर आपोआप येते. सगळ्यांत मोठी जबाबदारी ज्या सरांवर असते ते दिवसभर कानाला फोन लावून फाटकाशी उभे असतात. पाहुणे निघाले का, कुठवर आले, वाटेत आणखी एखादे उद्घाटन तर नाही ना. इकडे पहिलीतल्या मावळ्यांच्या मिशा घामाने हनुवटीपर्यंत उतरलेल्या असतात.

त्यामुळे जर्मनीतल्या प्राथमिक शाळेत कार्यक्रमाची सूचना पहिल्यांदा हाती आली तेव्हा मी ती शेवटपर्यंत वाचली आणि मग कागद उलटून मागची बाजूही पाहिली. प्रमुख पाहुणे नव्हते. अध्यक्ष नव्हते, स्वागताध्यक्ष नव्हते, सूत्रसंचालन आणि आभार कोणाकडे याचाही पत्ता नव्हता. चारच गोष्टी होत्या: किती वाजता सुरू, किती वाजता संपणार, केक कोण आणणार, आणि पाऊस आला तर काय. पाऊस आला तरी कार्यक्रम होणारच होता. मुलांनी फक्त कपडे तसे घालून यायचे होते.

आम्ही राहतो ते गाव बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याच्या दक्षिणेला, बोडेनझे सरोवराच्या उत्तरेकडच्या ओबरश्वाबेन नावाच्या टापूत आहे. या राज्याची आणि आपली सोयरीक जुनी. मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी-शहरे आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये तर महाराष्ट्र शासनाने या राज्याला कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करारच केला. परिचारिका, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर वगैरे. मी त्या करारातली नव्हे. मी नवऱ्याच्या नोकरीबरोबर आलेले सोबतचे सामान. पण पुण्यात असताना मॅक्सम्युलर भवनात जर्मन शिकले होते, इकडे शिक्षकांचा तुटवडा आहे, आणि बाळंतपणाच्या रजेवर गेलेल्या बाईंच्या वर्गाला कोणीतरी हवेच असते. अशी मी तिसरीच्या वर्गासमोर गणित आणि इंग्रजीची पुस्तके घेऊन उभी राहिले.

आडनाव जोशी. जर्मन लोक ते स्पेलिंग पाहून ‘ज’चा ‘य’ करतात, म्हणून मी झाले फ्राउ योशी. पहिल्या तासाला माझे नाव फळ्यावर लिहिताच सगळा वर्ग खदाखदा का हसला, ते मला घरी आल्यावर माझ्या मुलाने सांगितले. योशी हा व्हिडिओ गेममधला हिरवा डायनासोर आहे. लांब जीभ बाहेर काढून समोरच्याला गट्ट करतो. गणिताच्या बाईला याहून चांगली जाहिरात पैसे देऊनही मिळाली नसती.

इथे शाळा सुरू होते सप्टेंबरच्या मध्यावर. जर्मनीतल्या बाकीच्या राज्यांच्या उन्हाळी सुट्ट्या आळीपाळीने पुढेमागे सरकतात. बाडेन-व्युर्टेम्बर्ग आणि शेजारचे बायर्न ही दोन राज्ये मात्र आपली शेवटची पाळी सोडत नाहीत. एसटीत खिडकीची जागा धरून बसलेल्या आजोबांसारखी. मोठी मुले आल्यावर दोन-तीन दिवसांनी पहिलीतली येतात, आणि त्या दिवशी प्रत्येक पोराच्या मिठीत पुठ्ठ्याचा एक प्रचंड रंगीत शंकू असतो. बाजारात त्याची ठरलेली मापेच मिळतात, ७० सेंटीमीटर आणि ८५ सेंटीमीटर. सहा वर्षांच्या मुलाची उंची साधारण ११५ ते १२०. म्हणजे लांबून पाहिले तर शंकूलाच दोन पाय फुटून तो शाळेत निघालाय असे वाटते. आत चॉकलेटे, खोडरबर, टोकयंत्र, आणि आई फार जागरूक असली तर तळाशी एक सफरचंद. ही प्रथा एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला झाक्सन आणि थ्युरिंगनकडे सुरू झाली. तिकडे मुलांना सांगत, की या शंकूंचे एक झाड शाळेत असते. त्याला लागलेले शंकू पुरेसे मोठे झाले की शाळेत जायची वेळ झाली.

आपल्याकडे शाळाप्रवेशोत्सवात मुलाला पाठ्यपुस्तक देतात तेव्हा त्या पुस्तकाला पाच मोठ्या माणसांचे हात लागलेले असतात आणि पाचही जण कॅमेऱ्याकडे बघत असतात. मुलाचा चेहरा पुस्तकाआड. इथे फोटोत पोर आणि शंकू, बस्स. आमच्या गावचे महापौर माझ्या शेजारीच भिंतीला टेकून उभे होते. नातीला पोहोचवायला आले होते. त्यांना कोणी पुढे बोलावले नाही, कोणी खुर्चीही दिली नाही. माझे पाय आपसूक खुर्ची शोधायला निघाले होते, ते मी महत्प्रयासाने आवरले. आमच्या रेक्टोरिनबाई, म्हणजे मुख्याध्यापिका, तीन मिनिटे बोलल्या. चौथीच्या मुलांनी एक नाटुकले केले. त्यात अक्षरांचा राजा आजारी पडला आणि अंकांच्या राणीने त्याला बरे केले. मग पहिलीची मुले रांगेने आपल्या वर्गात गेली आणि आईबाप अंगणात केक खायला. केक दुसरीच्या पालकांनी आणला होता. का, तर त्याच्या आदल्या वर्षी त्यांच्यासाठी तेव्हाच्या दुसरीने आणला होता. ही परतफेड बहुधा दुसऱ्या महायुद्धानंतर कधीतरी सुरू झाली असावी आणि आता ती थांबवण्याचा अधिकार कोणालाच नाही.

केकच्या बाबतीत इथे एकूणच कायदा कडक. ज्याचा वाढदिवस त्यानेच स्टाफरूममध्ये केक आणायचा. कोणी आपल्याला आणून देत नाही. आणि वाढदिवस उद्या असेल तर आज शुभेच्छा द्यायच्या नाहीत, अशुभ असते. कावळा शिवणे, मांजर आडवे जाणे या गोष्टींना हसणारे आमचे भौतिकशास्त्राचे पदवीधर सहकारी, मी चुकून शुक्रवारी “सोमवारसाठी आत्ताच शुभेच्छा” असे म्हणायला तोंड उघडले, तर दोन्ही हात पुढे करून दारापर्यंत मागे सरकले.

नोव्हेंबरची अकरा तारीख संत मार्टिनची. हा चौथ्या शतकातला रोमन सैनिक. थंडीत कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला पाहून त्याने आपला झगा तलवारीने मधोमध कापला आणि अर्धा त्याला दिला. पुढे तो फ्रान्समधल्या तूर गावचा बिशप झाला. ही गोष्ट वर्गात सांगून झाल्यावर मला राहवेना. मी विचारले, अर्धाच का दिला? एक मुलगी ताबडतोब म्हणाली, “पूर्ण दिला असता तर मार्टिनला सर्दी झाली असती. मग कोण सांभाळणार होतं त्याला?” सगळ्या वर्गाने माना डोलावल्या. ज्या देशात कर्णाने कवचकुंडले अंगावरून सोलून दिली त्या देशातून आलेल्या बाईने यावर काय बोलावे! मी पुढच्या धड्याकडे वळले. अपूर्णांकच होते.

तर त्या संध्याकाळी मुले आपापले कागदी कंदील काठीला लावून गावातून मिरवत जातात. कंदील घरी नाही, शाळेत करायचे, पालकांनी मदतीला यायचे. २०२३ साली लक्ष्मीपूजन बारा नोव्हेंबरला होते, म्हणजे कंदिलांची मिरवणूक बरोब्बर आदल्या संध्याकाळी. एवढा योग जुळून आल्यावर माझ्यातली पुणेकरीण गप्प बसणे शक्य नव्हते. बाकीचे वर्ग घुबडे आणि साळिंदरे करत असताना मी तिसरीला आकाशकंदील शिकवला. षटकोनी, वरखाली त्रिकोण, खाली क्रेप कागदाच्या झिरमिळ्या. बांबूच्या काड्या नव्हत्या, त्याऐवजी बागेत टोमॅटोच्या रोपांना आधाराला लावतात त्या घेतल्या. पोरांनी खळ, कात्री आणि जिभा बाहेर काढून जे काही केले ते नारायण पेठेतल्या कुठल्याही गॅलरीत टांगण्याजोगे होते.

अडचण हीच होती की आकाशकंदील हा टांगण्याजोगा असतो. आठ वर्षांच्या मुलाने काठीला लावून वाऱ्यात चालवण्याजोगा नसतो. सरावाला अंगणात आणले तर एकेका मुलाने तीन मुलांची जागा व्यापली. तेव्हा हाउसमाइस्टर आले. हाउसमाइस्टर म्हणजे शाळेच्या इमारतीचा रखवालदार, मिस्त्री, प्लंबर आणि सर्वोच्च न्यायालय. रेक्टोरिनबाई त्यांना विचारल्याशिवाय भिंतीला खिळा ठोकत नाहीत. त्यांनी खिशातून घडीची लाकडी मोजपट्टी काढली, एक कंदील आडवा मोजला, उभा मोजला, झिरमिळ्यांची लांबी मोजली आणि निकाल दिला: हा वर्ग सगळ्यात शेवटी चालेल, दोन मुलांमध्ये दीड मीटर अंतर. आत मेणबत्ती नाही, बॅटरीचा दिवा. झिरमिळ्या पुढच्याच्या टोपीला लागता कामा नयेत. मागून अग्निशमन दलाची गाडी येईल.

गाडी आलीही. गावचे अग्निशमन दल हौशी लोकांचे. एरवी सुतारकाम किंवा बँकेत काम करणारी माणसे हेल्मेट घालून रस्ते अडवायला उभी होती. सगळ्यात पुढे खराखुरा घोडा आणि त्यावर लाल झगा पांघरलेली संत मार्टिन. ‘पांघरलेली’ बरोबर आहे, कारण रायडिंग क्लबातली दहावीची एक मुलगी त्या वर्षी मार्टिन होती. चौकात भिकाऱ्याचा प्रसंग झाला. झग्याला मध्ये वेल्क्रो होता. टर्रकन आवाज झाला, अर्धा झगा भिकाऱ्याच्या अंगावर गेला, टाळ्या पडल्या, आणि या गडबडीत घोड्याने मान वळवून माझ्या वर्गातल्या एका कंदिलाची हिरवी झिरमिळी शांतपणे खाल्ली. घोड्याच्या मालकीणबाईंनी मला बाजूला घेऊन कागद कोणत्या कंपनीचा ते विचारले. मी सांगितले. त्यांनी जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणाले, काही होत नाही. ज्याचा कंदील होता त्या पोराला मात्र पुढे आठवडाभर शाळेत भाव आला.

गाणी म्हणायला प्रत्येकाच्या हातात छापील कागद होता आणि कागदाच्या तळाशी परवान्याची बारीक ओळ. तिच्यामागे इतिहास आहे. २०१० च्या अखेरीस इथल्या गेमा या संगीताच्या हक्कांची वसुली करणाऱ्या संस्थेने देशभरच्या बालवाड्यांना पत्रे धाडली, की हक्काधीन गाण्यांच्या झेरॉक्स प्रती मुलांना वाटत असाल तर शुल्क भरा. वर्तमानपत्रांत मोठा दंगा झाला. वाचून मला आमच्या गॅदरिंगचे साउंडवाले आठवले. त्यांच्या पेनड्राइव्हवर अख्खी मराठी चित्रपटसृष्टी होती. गेमाचा एखादा माणूस चुकून सदाशिव पेठेत आला असता तर त्याला वसुली कुठून सुरू करावी हे कळले नसते.

साडेसहाला संपणार असे लिहिले होते. साडेसहाला संपले. घरून आणलेल्या कपातच गरम फळांचा रस मिळणार, कप विसरलात तर रस नाही. सहा चाळीसला अंगणात काळोख आणि हाउसमाइस्टर.

डिसेंबरबद्दल फार लिहीत नाही. नाताळावर मराठीत पुष्कळ लिहून झाले आहे. एवढेच सांगते, की वर्गात चोवीस छोट्या पिशव्यांची दोरी टांगतात, रोज एक उघडायची. चोवीस पिशव्या, सव्वीस मुले, मधले शनिवार-रविवार वजा, आणि सुट्टी चोवीस तारखेच्या आधीच लागणार. कोणावर अन्याय न होता हे कसे वाटायचे यावर पालकांच्या ग्रुपमध्ये जेवढी चर्चा झाली तेवढी आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासावरही झाली नव्हती. मी ते गणित तिसरीलाच सोडवायला दिले. त्यांनी पाच मिनिटांत सोडवले: दोघांत एक पिशवी, आतला माल निम्मा निम्मा. संत मार्टिनचाच संप्रदाय.

आता फास्नेट. कोलोनकडचा कार्निव्हल आपल्याला टीव्हीवर दिसतो. आमच्या भागातला हा त्याचा जुना, रानटी मावसभाऊ. लाकडी कोरीव मुखवटे, अंगभर घुंगरे, चिंध्यांचे पोशाख, चेटकिणी, अस्वले, आणि गावोगावच्या विदूषक-मंडळांत बापाकडून मुलाकडे आलेले सोंग. जर्मनीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत २०१४ साली फास्नेटचा समावेश झालाय. राखेच्या बुधवारच्या, म्हणजे ईस्टरपूर्वीचे उपवास सुरू होतात त्या दिवसाच्या, आधीच्या गुरुवारी ही सोंगे गावाचा ताबा घेतात. महापौरांकडून नगरपालिकेची किल्ली हिसकावतात, पुरुषांचे टाय कापतात आणि शाळांवर हल्ला करून मुलांची शिक्षकांच्या तावडीतून सुटका करतात.

हल्ल्याची लेखी सूचना आम्हाला आठवडाभर आधी मिळाली. गुरुवारी साडेदहाला शाळेवर हल्ला होईल. शिक्षकांनी त्यापूर्वी हजेरी पूर्ण करावी. मुलांनी दप्तरे भरून ठेवावीत. हल्ल्यानंतर मुले पालकांच्या ताब्यात दिली जातील. ज्यांना घ्यायला कोणी येणार नाही त्यांच्यासाठी बारापर्यंत पाळणाघराची सोय आहे.

त्या दिवशी मुले सोंगे घेऊन आली. माझ्या वर्गात दोन समुद्री चाचे, एक फ्रीज, तीन राजकन्या आणि चार योशी. चारही योशींना हिरव्या शेपट्या आणि लाल लोकरीच्या हातभर जिभा. मी त्यांना सातचा पाढा विचारला तर चौघांनी जिभाच दाखवल्या. बरोबर साडेदहाला (दहा अठ्ठावीसला ते फाटकाबाहेर थांबून घड्याळ बघत होते, हे मी खिडकीतून पाहिले) घुंगरांचा आणि ढोलांचा गदारोळ उठला. दार धाडकन उघडले. चार चेटकिणी आत शिरल्या, त्यांनी माझे हात दोरीने बांधले, पोरांनी छप्पर उडेल असा आरडाओरडा केला, आणि मला वरात काढून जिमखान्यात नेले. तिथे रेक्टोरिनबाई आधीच एका खुर्चीला बांधलेल्या होत्या. मांडीवर टपाल होते. तेवढ्यात त्या सह्या करून घेत होत्या.

मग खटला. माझ्यावर आरोप दोन: शुक्रवारी गृहपाठ देणे आणि अपूर्णांक शिकवणे. बचावाची संधी नव्हती. शिक्षा म्हणून टेबलावर उभे राहून नाचायचे किंवा खंडणी द्यायची. पर्समध्ये आईने संक्रांतीला पाठवलेल्या तिळाच्या वड्या होत्या, त्या मी काढल्या. मुख्य चेटकिणीने वडी चावण्यासाठी मुखवटा वर केला आणि मला तिच्या मिशा दिसल्या. पालकसभेत अपूर्णांकांवर सगळ्यात जास्त प्रश्न विचारणारे गृहस्थ. एरवी ते मला लवून “गुटन टाग, फ्राउ योशी” म्हणतात. आता वडी तोंडात घोळवत म्हणाले, “हिला सोडा. पण अपूर्णांकांची बघून घेऊ.”

सरोवराकाठच्या कॉन्स्टान्झमध्ये तर त्याच गुरुवारी संध्याकाळी हायस्कूलची मुले पांढरे नाइटशर्ट घालून मिरवणूक काढतात आणि हातातल्या प्रकाशित फलकांवर आपल्याच शिक्षकांची व्यंगचित्रे गावभर फिरवतात. आपल्याकडेही याची सोय होती. गॅदरिंगला फिशपॉन्ड असत. जुनी मंडळी त्याला शेलापागोटे म्हणत. पण पेटीतल्या चिठ्ठ्या आधी एक सर एकांतात वाचून काढत आणि मुख्याध्यापकांवर पडणारा फिशपॉन्ड हमखास ‘बाहेरून फणस, आतून गरे’ असाच निघे. इथे शिक्षक स्वतःचे चित्र शोधत फूटपाथवर उभे असतात. चित्र नसेल तर त्यांना वाईट वाटते. माझे मत विचाराल तर वर्षातून एकदा मुलांसमोर हात बांधून घेतलेल्या शिक्षकाला बाकीचे वर्ष आवाज चढवावा लागत नाही. हे मी आमच्या जुन्या शाळेला कळवणार होते. पण तिथल्या मुलांना सुटका ‘बारापर्यंत पाळणाघर’ या अटीवर चालेल याची खात्री नाही.

उन्हाळ्यात देशभरच्या शाळांत क्रीडादिन असतो. ही स्पर्धा १९५१ पासून चालू आहे आणि तिचे सर्वोच्च प्रमाणपत्र खुद्द राष्ट्राध्यक्षांच्या सहीचे. सही छापील असते, पण असते. सात वर्षांच्या पोराच्या लांब उडीवर राष्ट्रप्रमुखांची सही! प्रमुख पाहुण्यांच्या प्रथेच्या सगळ्यात जवळ जर्मन शाळा जाते ती एवढीच, आणि तिथेही पाहुणे सहीपुरते. तरी या दिवसाला विरोध आहेच. २०१५ मध्ये कॉन्स्टान्झच्याच एका आईने, मुले रडत घरी येतात, हे बंद करा, म्हणून ऑनलाइन अर्ज मांडला आणि देशभर दोन तट पडले. २०२३-२४ मध्ये प्राथमिक शाळांत सेंटीमीटर मोजणे बंद झाले. वाळूत पट्टे आखून मूल कोणत्या पट्ट्यात पडले ते बघू लागले. यावर आमच्या हाउसमाइस्टरांनी एवढेच विचारले, की मग टेपचे काय करायचे.

जुलैत शाळेची उन्हाळी जत्रा. पालकसभेत केकची यादी फिरते; तीत रकाने: केकचे नाव, दाणे-अक्रोड आहेत की नाहीत, डब्यावर नाव लिहिलेय का. क्रीमचे केक वर्ज्य, उन्हात नासतात. सतरा जणांनी मार्बल केक आणि सफरचंदाचा केक लिहिल्यावर मी लिहिले: चिवडा. दुसऱ्या दिवशी पालक समितीच्या अध्यक्षबाईंचा फोन.

“फ्राउ योशी, चिवडा म्हणजे किती तुकडे?”

“तुकडे नाहीत हो. दीड किलो आहे.”

“एका केकचे आम्ही बारा तुकडे धरतो. एक तुकडा एक युरो. तुमचे किती धरू?”

मी तुकड्याची कल्पना करून पाहिली. पातळ पोह्याचा एक तुकडा, शेंगदाण्याचा एक. म्हटले, पुड्या करू. त्या म्हणाल्या, एका पुडीत किती ग्रॅम, ते सगळ्या पुड्यांत सारखे हवे, नाहीतर मुलांत भांडणे होतात. ठीक. मग घटक. युरोपात अ‍ॅलर्जी देणाऱ्या चौदा पदार्थांची अधिकृत यादी आहे आणि त्यातले जे असेल ते ग्राहकाला कळले पाहिजे, असा आमच्या समितीचा आग्रह. मी फोनवर माझा चिवडा सांगत गेले आणि त्या यादीवर खुणा करत गेल्या. शेंगदाणे, आहे. तीळ, आहे. मोहरी, तीही आहे. डाळं, खोबरे, कढीपत्ता यांवर त्यांना काही सापडले नाही. मग मी म्हटले, हिंग. हा शब्द त्यांनी तीनदा लिहून घेतला. मी डबी वाचून पाहिली तर हिंगात गव्हाचे पीठ. म्हणजे ग्लुटेन. चौदापैकी चार! अध्यक्षबाईंच्या आवाजात आदर आला. इतका भरगच्च पदार्थ त्यांच्या कारकिर्दीत आला नव्हता.

पुड्यांना कागद हवा होता. सप्टेंबरातल्या शंकूंचा रंगीत कागद कपाटात उरला होता, त्याचे पोरांनी भेळवाल्याच्या पुडीएवढे शंकू केले आणि किचनच्या काट्यावर प्रत्येकी तीस ग्रॅम भरले. लेबल पुडीहून मोठे झाले. ते दोऱ्याने बांधावे लागले. जत्रेच्या दिवशी एका बाजूला सॉसेजेस आणि इथला मेयोनीजशिवायचा, मांसाच्या सुपातला बटाट्याचा सॅलड, दुसऱ्या बाजूला केकचे टेबल, आणि त्याच्या टोकाला मी. ग्लासला एक युरो अनामत, ग्लास परत द्या आणि युरो परत घ्या. येणारा प्रत्येक जण एकच प्रश्न विचारी: तिखट आहे का? मी म्हणे, नाही. ते एक चिमूट खात, डोळ्यांत पाणी आणत, “इंटरेसांट” म्हणत आणि दुसरी पुडी घेत. दोन तासांत माझे टोक रिकामे. मार्बल केक नऊ उरले होते, त्यातला एक मलाच विकत घ्यावा लागला. पुढच्या वर्षीच्या यादीत ‘चिवडा (योशी), दाण्याशिवाय’ ही ओळ आधीच छापलेली होती.

जत्रेत भाषण झाले नाही. शेवटी प्रत्येक वर्गाला आवाराचा एकेक कोपरा झाडायला दिला. श्वाबेनमध्ये झाडू मारण्याची पाळी ही धर्माच्या खालोखाल पवित्र गोष्ट. घराघरांतही आठवड्याची पाळी लागलेली असते. महापौरांच्या वाट्याला सायकल स्टँड आला. नात एव्हाना तिसरीत गेली होती, म्हणजे माझ्या वर्गात. चांगले झाडतात.

सुट्टी लागायच्या सुमारास राव्हेन्सबुर्गला रुटेनफेस्ट भरतो. जिगसॉ पझलवाले राव्हेन्सबुर्ग ते हेच. हा मुळात शाळकरी पोरांचा उत्सव आणि सतराव्या शतकापासूनच्या त्याच्या नोंदी आहेत. ढोल वाजवत विद्यार्थ्यांच्या तुकड्या जातात, ऐतिहासिक वेशातली मिरवणूक निघते, मोठी मुले आडव्या धनुष्याने लाकडी गरुडावर नेम धरतात. उत्सवाचे नाव छड्यांवरून पडलेय. पूर्वी मुले वर्षातून एकदा रानात जाऊन छड्या तोडून आणत, आणि त्याच छड्यांनी मास्तर त्यांना वर्षभर फोडून काढत, अशी कथा तिथले लोक मोठ्या कौतुकाने सांगतात. कथा खरी असो-नसो, छडी इथल्या शाळांतून १९७३ मध्ये गेली. बायर्नमध्ये ती १९८३ पर्यंत रेंगाळली. उत्सव राहिला. माझ्या सासूबाई त्या वर्षी आल्या होत्या. त्या स्वतः निवृत्त शिक्षिका. मिरवणूक पाहून म्हणाल्या, “स्वतःच्या छड्या स्वतः आणायला लावायच्या, हे आम्हाला सुचलंच नाही गं.”

करारातून असो वा कराराबाहेरून, तुमच्यापैकी कोणी इकडे शिकवायला येणार असेल तर एक-दोन गोष्टी सांगून ठेवते. स्टीलचा डबा आणा, पण नाव डब्यावर आणि झाकणावर दोन्हीकडे कोरून आणा. नुसत्या डब्यावरचे चालत नाही. फास्नेटच्या त्या गुरुवारी चांगला टाय घालू नका. भाषण लिहून आणू नका, विमानात वजन होते. आणि कार्यक्रम बाराला संपेल असे लिहिले असेल, तर न्यायला येणाऱ्याला पावणेबाराला बोलवा. बारा पाचला फाटकाला कुलूप लागते.